डब्यात उजेड कुठून येतो

तिचं आडनाव काळोखे नव्हतं, पण संस्थेत तिला सगळे काळोखे बाई म्हणत. हे नाव इतकं रुळलं होतं की एकदा बाहेरून एक पार्सल त्याच नावानं आलं आणि फाटकावरच्या पहारेकऱ्यानं ते काही न विचारता तिच्या टेबलावर आणून ठेवलं. नाव पडलं होतं कामावरून. पूर्ण अंधार तयार करणं हे तिचं काम होतं. तिचा नवरा शाळेत इतिहास शिकवायचा. कुणी घरची चौकशी केली की तो सांगायचा, आमच्याकडे एक जण भूतकाळात कामाला जातो आणि एक जण अंधारात, दिवसाउजेडी घरी सापडतात ते फक्त सासरेबुवा.

सासरेबुवा म्हणजे तिचे वडील. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. दुकान बंद करून ते लेकीकडे राहायला आले त्याला आता नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षं ते एकच गोष्ट निरनिराळ्या बाजूंनी विचारत होते, की पोरी, तू तिथं नेमकं करतेस काय?

ती सांगायची. एक दुर्बीण अवकाशात जाणार आहे. ताऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत थंडगार धूळ असते, नवे तारे त्या धुळीतच तयार होतात. ही धूळ डोळ्यांना दिसत नाही. तिच्यातून निघतो तो फार लांब लहरींचा उजेड, उजेडापेक्षा उबेच्याच जातीचा. आपल्या हवेतली वाफ तो वरच्या वर गिळून टाकते, म्हणून तो बघायचा तर हवेच्या बाहेरच जावं लागतं. त्या दुर्बिणीचा डोळा आम्ही बनवतो.

डोळा म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढी एक सिलिकॉनची चकती होती. तिच्यावर ॲल्युमिनियमची नऊशे वेटोळी होती, केसाहून कितीतरी बारीक. ज्याच्या खाली थंडी जाऊच शकत नाही त्या तळापासून एक दशांश अंश वर, इतकी ती चकती गार केली की त्या धातूत विजेला अडवणारं काहीच उरत नसे. अशा अतिवाहक झालेल्या प्रत्येक वेटोळ्याला स्वतःचा एक सूर होता. तो कानाला ऐकू येणारा नव्हे, रेडिओच्या लहरींचा. नऊशेच्या नऊशे सूर एकाच वायरीतून आत जात आणि बाहेर येत. वेटोळ्यावर उजेड पडला की त्याचा सूर किंचित उतरायचा. कोणाचा सूर किती उतरला ते मोजलं की चित्र तयार.

सूर उतरतो हे वडिलांना एका झटक्यात कळलं होतं. अंधाराचं मात्र त्यांच्या गळी उतरायला वेळ लागला. डबा बंद केला की झाला अंधार, त्यात शिकण्यासारखं काय आहे, असं त्यांचं म्हणणं. मग तिनं सांगितलं, की या चकतीच्या लेखी माणसाचा तळहात म्हणजे दिवा. भिंत दिवा, खुर्ची दिवा, चहाचा कप तर मोठाच दिवा. बर्फाचा खडासुद्धा तिला झळझळीत दिसतो. जे काही थोडंफार ऊबदार आहे ते सगळं तिच्यापुढं उजळलेलं असतं, आणि तिची परीक्षा घ्यायची तर तिला आधी यातलं काहीच दिसता कामा नये.

म्हणून तांब्याचा एक डबा होता. त्याच्याभोवती दुसरा, त्याच्याभोवती तिसरा, आणि हे सगळं कपाटाएवढ्या शीतयंत्राच्या पोटात. तांब्याच्या डब्याला आतून काळा रंग दिलेला होता. तो रंग बाजारात मिळत नसे. राळ, काजळी आणि पॉलिश पेपरवर असते तसली बारीक खडी एकत्र घोटून ती तो स्वतः बनवायची. वाळल्यावर तो तव्याच्या बुडासारखा खरबरीत दिसायचा. त्या रंगावर तिचा जीव होता.

आणि तरीही डब्यात उजेड होता.

तो दिसला त्या वर्षीच्या सुरुवातीला. चकती नवी, आजवरची सगळ्यांत चांगली. डबा बंद करून, तीन दिवस गार करून, सूर मोजले तर सगळेच थोडे थोडे उतरलेले. हिशेबानं जितका अंधार असायला हवा होता त्याच्या मानानं पाचपट उजेड. पुन्हा मोजलं. पाचपटच.

यात अडचण अशी होती की सहा आठवड्यांनी दुर्बिणीची निवड समिती बसणार होती. डोळा बनवणारे दोन गट होते, एक यांचा आणि एक दुसऱ्या संस्थेतला. दोघांनीही अंधारातले आकडे आणून द्यायचे आणि समितीनं ठरवायचं. गटाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, ते गेली चौदा वर्षं या चकतीमागे होते. त्यांचा स्वभाव सावध होता आणि आता तर त्यांना घाई होती. त्यांचं मत पडलं, की चकतीतच काही दोष असावा, पुढच्या खेपेला सुधारू. काळोखे बाईंना तसं वाटत नव्हतं. पण वाटण्याला काही अर्थ नव्हता. चकती खोटं बोलतेय की डबा, हे कळायला हवं होतं.

तिनं एक साधी युक्ती केली. चकतीला हात न लावता बाहेरचा डबा जरासा तापवला. तापवला म्हणजे किती, तर चार अंशांवरून सहा अंशांवर, तेही तळापासून मोजलेले. दोष चकतीचा असता तर तिला याचं सोयरसुतक नसतं. पण पाच मिनिटांत पडद्यावरचे सूर उतरायला लागले. नऊशेच्या नऊशे उतरले. मग तिनं प्रत्येक वेटोळं किती उतरलं ते जागच्या जागी मांडून रंगवलं, आणि खुर्ची मागे सरकवून बघत बसली. चित्रात एक कोपरा उजळ होता. वरचा, उजव्या हाताचा. तिथून उजेड पसरत पसरत दुसऱ्या टोकाला विरत गेलेला. पूर्ण अंधारात ठेवलेल्या डोळ्यानं काढलेलं हे पहिलंच चित्र, आणि ते त्याच्या स्वतःच्याच डब्यातल्या गळतीचं होतं.

सरांनी चित्र बघितलं. मग विचारलं, की बाहेरचा डबा तापवताना चकतीही तापली असेल, त्याचं काय? तिनं चकतीजवळच्या तापमापकाची नोंद दाखवली. आकडा जागचा हलला नव्हता. सर म्हणाले, ठीक, मग उजेड डब्यातला आहे हे सिद्ध झालं, आता तेवढा उजेड आकड्यांतून वजा करू आणि तसं लिहू. सगळेच असं करतात.

"सर, कुठून येतो ते माहीत नसताना किती आहे ते कसं वजा करायचं?" ती म्हणाली. "मला एकदा उघडून बघू द्या."

उघडणं सोपं नव्हतं. यंत्र ऊबदार व्हायला दोन दिवस, परत गार व्हायला तीन. शिवाय गेल्या वेळी उघडलं तेव्हा जुन्या चकतीची चाळीस वेटोळी मुकी झाली होती, आणि ती का, हे आजही कुणाला ठाऊक नव्हतं. सरांनी चष्मा काढून पुसला.

"उघड," ते म्हणाले. "पण आत काही तुटलं तर समितीला तू सांगायचंस."

डबा उघडला तो मिस्त्रींनी. मिस्त्री वर्कशॉप सांभाळायचे. या संस्थेतला प्रत्येक स्क्रू एकदा तरी त्यांच्या हातून गेला होता. त्यांनी चोवीस स्क्रू ओळीनं काढून ओळीनंच मांडले. झाकणाच्या सांध्यात मेणासारख्या मऊ धातूची तार दाबून बसवलेली होती, ती सगळीकडे सारखी चेपलेली निघाली. कुठं फट नाही, कुठं रंग उडालेला नाही. उजळ कोपऱ्यात वायर आत येण्याची जागा होती. तिथला जोडही पक्का होता. मिस्त्रींनी भिंग लावून तो चहूबाजूंनी तपासला.

"बाई, यातून मुंगी जायची नाही," ते म्हणाले.

आणि मग जे होऊ नये ते झालं. झाकण बाजूला घेताना त्याच्या आतल्या काळ्या रंगाची एक कपची सुटली आणि चकतीवर पडली. फुंकणीनं ती उडवली खरी, पण सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर अकरा वेटोळ्यांवरून ओरखडा गेला होता. रंग तिनंच घोटलेला, तिनंच लावलेला. मिस्त्री तिच्याकडे बघायचं टाळून स्क्रू मोजत राहिले.

फट सापडली नाही आणि अकरा वेटोळी गेली, हे तिनं सरांना जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. घरी ती दोन दिवस जेवताना बोलली नाही. नवऱ्यानं एकदा विचारलं आणि मग नाद सोडला. वडिलांनी मात्र तिसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून पायांत बूट चढवले. त्यांना प्रयोगशाळा दाखवायची तारीख महिन्यापूर्वीच ठरली होती, परवानगीचा कागद निघाला होता, आणि ती हे साफ विसरून गेली होती. आज नको म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं. पण त्यांनी शर्टाच्या खिशात पेन आणि चष्मा दोन्ही लावून घेतलं होतं.

स्वच्छ खोलीत जायला पांढरा झगा, टोपी, पायांत पिशव्या. वडिलांनी झगा उलटा घातला आणि बंद पुढं आले म्हणून तक्रार केली. उघडलेला डबा काचेपलीकडे होता. त्याच्याजवळ जायची परवानगी त्यांना नव्हती. त्यांनी काचेला नाक लावून दहा मिनिटं बघितलं. शीतयंत्र केवढं, चकती केवढीशी, हे त्यांना फार आवडलं. मग त्यांनी हात पुढं केला. बघून त्यांचं समाधान होत नसे, काहीतरी हातात घ्यायला हवं असायचं. हात लावू देण्याजोगं तिथं काहीच नव्हतं. शेवटी तिनं खणातून एक जादा जोड काढून दिला. वायर डब्यात शिरते तिथं बसवतात तो. करंगळीच्या पेराएवढा, पितळी, मधोमध एक पिन.

वडिलांनी तो अंगठ्यात आणि तर्जनीत धरला, एक डोळा मिटला, आणि खिडकीच्या दिशेनं धरून आरपार बघितलं. दुकानात ते प्रत्येक वस्तू अशीच बघायचे.

"हे मधलं पांढरं काय आहे?"

"प्लास्टिक. पिन बाहेरच्या पितळेला लागू नये म्हणून असतं. वायरीच्या आतही तेच असतं, शेवटपर्यंत."

"यातून खिडकी दिसत नाही," ते म्हणाले, "पण उजेड दिसतोय."

ती जरा हसली. म्हणाली, बाबा, तो उजेड वेगळा, आम्हाला त्याच्याशी देणंघेणं नाही, आमचा लांब लहरींचा.

"मग तुमचा अडतो का यात?"

हो म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि तशीच थांबली. याच इमारतीत वरच्या मजल्यावर दुसऱ्या एका गटाचं यंत्र होतं. त्याला एक पांढरी, दुधी, बशीएवढी खिडकी होती. ती याच प्लास्टिकची होती. लांब लहरींचा उजेड त्यातून आरपार जातो, म्हणूनच ते निवडलेलं. त्या खिडकीजवळून ती रोज जिना उतरायची. हे तिला वर्षानुवर्षं माहीत होतं, आणि डब्याच्या वायरीतही तेच प्लास्टिक आहे हेही तितकीच वर्षं माहीत होतं. दोन गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या आणि त्यांची कधी ओळखच झाली नव्हती.

तिनं वडिलांच्या हातातून जोड घेतला आणि स्वतः एक डोळा मिटून खिडकीकडे बघितलं. पिनेभोवती एक बारीक पांढरी कड उजळलेली होती.

"अडत नाही," ती म्हणाली. "नसावा अडत."

डबा चहूबाजूंनी बंद होता, आणि आतले सूर बाहेर आणणारी वायरच बाहेरचा उजेड आत नेत होती. निदान तशी शक्यता होती. वडिलांना घरी पोचवायचं काम तिनं नवऱ्यावर सोपवलं आणि ती मिस्त्रींकडे गेली.

वायर तर काढता येत नव्हती, तिच्याशिवाय चकती मुकी. तेव्हा सूर जावा आणि उजेड अडावा असं काहीतरी वाटेत बसवायचं होतं. दोघांनी मिळून ठरवलं ते असं. अंगठ्याएवढा तांब्याचा ठोकळा घ्यायचा, त्यातून नुसती उघडी तार न्यायची, आणि तिच्याभोवती पांढऱ्या प्लास्टिकच्या जागी काळी राळ ओतायची, लोखंडाची बारीक पूड घातलेली. सूर थोडा दबेल, पण तो पुढं वाढवून घेता येतो. उजेडाला मात्र त्या काळ्या राळेतून जायला जमू नये. पहिला ठोकळा द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवला आणि राळ आकसून मधोमध तडकली. मिस्त्रींनी तो कचऱ्यात न टाकता आडवा कापून बघितला. पूड खाली बसली होती, वर नुसती राळ उरली होती. दुसऱ्या वेळी पूड वाढवली आणि राळ घट्ट होईपर्यंत ते ठोकळा हातात फिरवत बसले, तासभर, एखाद्या किरकिऱ्या मुलाला फिरवावं तसे. हा तडकला नाही. तसाच आणखी एक केला, कारण त्या कोपऱ्यात वायर एका भोकातून आत शिरत होती आणि शेजारच्याच भोकातून बाहेर पडत होती.

डबा बंद झाला, यंत्र गार झालं. चौथ्या दिवशी सकाळी तिनं बाहेरचा डबा पुन्हा चारावरून सहा अंशांवर नेला आणि पडद्यासमोर बसली. सर मागे उभे होते, मिस्त्री दारात. सूर हलले नाहीत. हलले असतील तर इतके थोडे, की ते हलणं आहे की नुसती थरथर, हे सांगता येऊ नये. अंधारातला उजेड पाचपटीवरून जवळजवळ हिशेबाइतका खाली आला होता. कोपरा आता इतरांसारखाच काळा होता. अकरा वेटोळी गप्प होती, ती गप्पच राहिली.

सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. नंतर मिस्त्रींनी सांगितलं, ते बायकोला फोन करत होते.

समितीपुढं काय सांगायचं यावर मात्र दोघांचं जुळलं नाही. सरांचं म्हणणं, आकडे चांगले आहेत, आकडे द्यावेत; वायरीची कथा कशाला? दुसरा गट समोरच बसलेला असणार. तिनं त्यावर वाद घातला नाही. पण समितीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी जेव्हा विचारलं, की दीड महिन्यापूर्वी तुमचा आकडा पाचपट होता असं ऐकतो, मग मध्ये काय झालं, तेव्हा ती उभी राहिली आणि सगळं सांगितलं. वजाबाकी करणार होतो तेही, कपची पडली तेही, अकरा वेटोळी तेही. दुसऱ्या गटातली एक उंच, चष्मेवाली बाई वही काढून लिहून घेत होती. तिनं विचारलं, राळेत पूड किती? काळोखे बाईंनी फळ्यावर ठोकळ्याची आकृती काढून प्रमाण लिहिलं.

परतताना सर गाडीत बाहेर बघत होते.

"आयतं ताट वाढून दिलंस त्यांना," ते म्हणाले.

"त्यांच्या डब्यातही तीच वायर आहे, सर. आणि दुर्बीण एकच जाणार आहे."

पुढच्या आठवड्यात समितीचं पत्र आल्यावर सर स्वतः वर्कशॉपमध्ये गेले. समितीनं दोन्ही गटांना काळे ठोकळे लावून पुन्हा मोजायला सांगितलं होतं. सरांनी मिस्त्रींना विचारलं, की आणखी चार ठोकळे किती दिवसांत होतील, दुसऱ्या गटाला पाठवायचे आहेत. मिस्त्री म्हणाले, होतील, पण फिरवत बसायला माणूस द्या. तेव्हा दोन ठोकळे सरांनी फिरवले, शर्टाच्या बाह्या दुमडून, स्टुलावर बसून.

दुसऱ्या गटाचेही आकडे सुधारले. शेवटी समितीनं काम वाटून दिलं. त्यातल्या त्यात आखूड लहरींचा भाग त्यांच्याकडे, सगळ्यांत लांब लहरींचा यांच्याकडे. सरांनी चौदा वर्षं सबंध दुर्बिणीचं स्वप्न बघितलं होतं, त्यांना अर्ध्यावर समाधान मानायला थोडे दिवस लागले. काळोखे बाईंना मात्र आपला वाटा आवडला. सगळ्यांत थंड धूळ त्यातच दिसणार होती.

वडिलांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांना श्रेयाचं काही पडलं नव्हतं. त्यांनी विचारलं, मग आता झाला का पूर्ण अंधार? ती म्हणाली, जवळजवळ. जवळजवळ म्हणजे काय, हे त्यांनी लगेच विचारलं, आणि तिला नीट सांगता आलं नाही.

नीट सांगता आलं नाही याचं कारण चष्मेवाल्या बाईच्या पत्रात होतं, जे त्याच आठवड्यात आलं. ठोकळ्यांबद्दल आभार मानून तिनं लिहिलं होतं, की आता डब्यात अंधार इतका चांगला झालाय की त्यात दुसरंच काहीतरी दिसू लागलंय. मधूनच एखादं वेटोळं दचकल्यासारखं सूर खाली सोडतं आणि लगेच सावरतं. आकाशातून येणारे वेगवान कण सगळं भेदून जातात, ते दोन्ही गटांना माहीत होते. पण ते चकतीतून गेले की आजूबाजूची कितीतरी वेटोळी एकदम दचकतात. ही दचकणारी एकेकटी होती. तुमच्याकडे असं काही होतं का, असं तिनं विचारलं होतं.

काळोखे बाईंनी जुन्या नोंदी काढल्या. पूर्वीच्या उजेडात असलं काही असतं तरी दिसलं नसतं. नव्या नोंदींत होतं. या खेपेला यंत्र पुन्हा गार झालं त्या दिवशी पुष्कळ, दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी आणखी कमी. बाहेरून येत असतं तर ते दिवसागणिक घटायचं काही कारण नव्हतं. म्हणजे ते आतलंच होतं, आणि हळूहळू शांत होत चाललं होतं. चकती जिथं चिकटवली आहे तिथं काही आवळलेलं सुटत असेल? रंग? की चकतीच? तिनं यंत्र बंद करायची तारीख पुढं ढकलायला सरांकडे परवानगी मागितली. त्यांनी कारण विचारलं, ऐकून घेतलं, आणि किती दिवस हे न विचारताच होकार दिला.

मग तिनं पत्राचं उत्तर लिहायला घेतलं.

"आमच्याकडेही होतं," तिनं लिहिलं. "पहिल्या दिवशी तासाला चाळीस. आज नववा दिवस, तासाला सहा. तुमच्याकडे किती? आणि तुम्ही चकती कशानं चिकटवता?"